महिन्याला दोन रजा, पहिल्या महिन्यापासून : पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
भोसरी, चिंचवड, चाकण आणि तळेगाव इथले सर्व कारखानदार आणि त्यांना माणसं पुरवणारे ठेकेदार यांस,

स. न. वि. वि.

मी याच पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात सव्वीस वर्षं नोकरी केली. पंचिंगची पुठ्ठ्याची कार्डं होती तेव्हा लागले आणि चेहरा ओळखणारं मशिन आलं तेव्हा निवृत्त झाले. हजेरी, ओव्हरटाइम, खाडे, रजा, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. साहेब लोकांपेक्षा कामगार मला जास्त ओळखायचे, कारण पगारातला एक दिवस कापला गेला की पहिला माणूस माझ्याच खिडकीशी यायचा.

पत्र लिहायला कारण घडलं ते असं. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा चाकणला प्रेस मशिनवर काम करतो, ठेकेदाराकडून. गेल्या महिन्यात तो मोबाइलवर सॅलरी स्लिप उघडून माझ्याकडे आला. हजर दिवस २६. पीएल, म्हणजे भरपगारी रजा, घेतली ०. पीएल शिल्लक ०. तो म्हणाला, "काकू, मी दीड वर्षात एकही रजा घेतलेली नाही. मग शिल्लक शून्य कशी?"

मी त्याला २४० दिवसांचं गणित सांगितलं, मधले दोन ब्रेक मोजून दाखवले. त्याने मान हलवली आणि तो गेला. तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी त्याला अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी त्याला सांगून उपयोग नाही, ती तुम्हाला सांगायला हवी.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मनात शंका नको. तुमच्या गेटातून आत येणाऱ्या प्रत्येक कामगाराला, तो कायम असो, टेम्पररी असो की ठेक्यावरचा, महिन्याला दोन भरपगारी रजा द्या. वर्षाच्या चोवीस. आणि त्या पहिल्या महिन्यापासून त्याच्या खात्यावर दिसू द्या.

आता हिशेब. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमधलं कलम ७९ तुम्हाला माहीत आहे. वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांच्या कामामागे एक भरपगारी रजा, आणि ती पुढच्या वर्षात घ्यायची, असा नियम होता. ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि सणावाराच्या आठेक सुट्ट्या वजा करा. एकही खाडा न करणारा माणूस साधारण ३०५ दिवस कामावर येतो. भागिले वीस, पंधरा. म्हणजे वर्षभर घड्याळासारखा येणारा जो कामगार, त्याची कमाई पंधरा दिवस. ज्याने एका जानेवारीत नोकरी धरली त्याला हे पंधरा दिवस दिसायला पुढचा जानेवारी उजाडावा लागायचा. पहिलं अख्खं वर्ष कोरडं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून फॅक्टरी ॲक्टसारख्या जुन्या कायद्यांच्या जागी नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि २४० ची अट १८० वर आली. हे चांगलंच झालं. वापरली न गेलेली रजा वर्षाअखेर मागितली तर तिचा पगार द्यायचा, हेही त्यात आलं. पण वीसला एक हा दर तोच राहिला. १९४८ साली जो होता, तो.

आणि ब्रेक? सात महिन्यांचा ब्रेक म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, पण या पत्राचे इतर वाचक असतील, त्यांच्यासाठी सांगते. साप्ताहिक सुट्ट्या धरूनही सात महिन्यांचे २१२ ते २१५ दिवस होतात. २४० भरत नाहीत. वर्षात २४० भरले की टेम्पररी माणसाला कायम करण्याचा प्रश्न उभा राहतो, आपल्या राज्याच्या स्थायी आदेशांत तसं कलम आहे. म्हणून सात महिने झाले की गेटपास काढून घ्यायचा, महिनाभर घरी बसवायचं, मग नवा अर्ज, नवा टोकन नंबर, तोच माणूस, तेच मशिन. रजा बुडवायची म्हणून कुणी ब्रेक दिला असं मी म्हणणार नाही. डोळा कायम होण्यावर असतो. पण सुक्याबरोबर ओलंही जळतं तशी रजा त्यात जळून जाते, आणि गेली चाळीसेक वर्षं ती जळते आहे हे कुणाच्या हिशेबातच नाही.

मी स्वतः हे काम केलं आहे, म्हणून सांगते. ब्रेकच्या दिवशी कामगार खिडकीशी यायचा. मी त्याच्यासमोर फुल अँड फायनलचं, म्हणजे शेवटच्या हिशेबाचं, व्हाउचर ठेवायचे. पगार, ओव्हरटाइम, बोनस, रजेचा पगार असे रकाने. रजेच्या रकान्यात मी लाल पेनाने 'निरंक' लिहायचे आणि बोट दाखवायचे, इथे सही कर. तो सही करायचा. वर्षाला शंभराच्या वर व्हाउचरं. नोकरीच्या अकराव्या वर्षी इन्स्पेक्शन होतं म्हणून कायद्याचं पुस्तक समोर आलं आणि त्याच कलम ७९ चं तिसरं पोटकलम मी पहिल्यांदा शब्द लावून वाचलं. कामगाराला काढलं, तो सोडून गेला किंवा मरण पावला, तर त्याचे दिवस पुरे भरलेले नसले तरी केलेल्या कामाच्या प्रमाणात त्याच्या रजेचा पगार द्यायचा. काढलं असेल तर दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत.

सात महिने गुणिले सव्वीस, १८२ दिवस. भागिले वीस, नऊ. नऊ दिवसांचा पगार. प्रत्येक व्हाउचरवर.

मी वरच्या साहेबांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, बघू. नंतर पुन्हा एकदा सांगितलं. तिसऱ्यांदा गेले नाही. पुढची पंधरा वर्षं मी तो रकाना तसाच भरला. या गोष्टीची मला लाज वाटते आणि ती लपवून हे पत्र लिहिता आलं नसतं. तुमच्या टाइम ऑफिसातही आज कुणीतरी तो रकाना भरत असेल. एकदा खाली उतरून त्याच्या टेबलावरचं व्हाउचर हातात घेऊन बघा.

आता तुम्ही म्हणाल, कायम कामगारांना तर पंधरा मिळतात ना, मग चोवीस कशाला? याचं उत्तर मला रजेच्या रजिस्टरातून मिळालं. रजेच्या अर्जात एक रकाना असतो, 'कारण'. सव्वीस वर्षांत त्यात मी काय काय वाचलं: घरगुती काम. आई आजारी. पेरणी. बहिणीचं लग्न. जावळ. गावची जत्रा. सातबाऱ्याचं काम. मुलाचं ॲडमिशन. घराचं छप्पर. दहावा. विश्रांती हे कारण मी एकदाही वाचलं नाही. एकदाही. लिहायला लाज वाटायची असेल, किंवा मंजूर होणार नाही ही खात्री असेल. पण मला वाटतं खरं कारण तिसरंच आहे. पंधरा दिवसांत विश्रांतीची पाळीच येत नव्हती.

आपल्याकडचा कामगार मूळचा इथला नाही. लातूर, नांदेड, बीड, धाराशिव, बुलढाणा, आता तर बिहार आणि ओडिशाही. गावी जायचं तर एक रात्र जायला, एक रात्र यायला. वर्षात तीन खेपा केल्या तर पंधरातले पाच-सहा दिवस एसटीत आणि रेल्वेतच जातात. पेरणीचे तीन दिवस, दिवाळीला जोडून दोन, पोराच्या शाळेचे दोन. संपली रजा.

एक कार्ड अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ग्राइंडिंगवरचा माणूस, लातूरकडचा, कायम कामगार. नोव्हेंबर महिना. वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला तेव्हा त्याच्या कार्डावर एक रजा शिल्लक होती. तो एक दिवस लिहून गेला. परत आला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं तर डोक्याचं मुंडण केलेलं, टोपीच्या कडेने ते दिसत होतं. तो एवढंच म्हणाला, "मॅडम, किती खाडे पडले?" मी रजिस्टर बघून सांगितलं, नऊ. आणि हजेरी भत्ता गेला. हे सांगून झाल्यावर मग मी वडिलांचं विचारलं. आधी खाडे, मग वडील. माझ्या तोंडून ते त्या क्रमाने निघालं, कारण आम्ही ज्या खुर्चीवर बसतो तिथे तीच सवय लागते.

पॅकिंग आणि असेंब्लीतल्या बायकांची कार्डं निराळी दिसायची. सलग रजा जवळजवळ नाहीच. एक दिवस, अर्धा दिवस, एक दिवस. पोराला ताप, सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन, शाळेतली पालकसभा, रेशन कार्ड. डिसेंबर यायच्या आत कार्ड भरलेलं, आणि त्यातला एकही दिवस तिचा स्वतःचा नाही. त्यातही फॅक्टरी ॲक्टमध्ये नैमित्तिक रजा हा प्रकारच नव्हता. आपल्या राज्याच्या दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत. म्हणजे मॉलच्या काउंटरवरच्या मुलीला अचानक एक दिवस लागला तर कायदा तिच्या मागे उभा आहे. तिचीच बहीण प्रेस शॉपमध्ये असेल तर तिचा खाडा. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, आहे ना, असं म्हणू नका. तो लाभ पगाराच्या सत्तर टक्के, आणि आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा मिळत नाही. एका दिवसाच्या तापाला त्याचा उपयोग शून्य.

आपल्या पट्ट्याची आणखी एक अडचण बाहेरच्यांना माहीत नसते. इथल्या पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शाळेची सुट्टी रविवारी. बाप घरी असतो तेव्हा पोरं शाळेत, पोरं घरी असतात तेव्हा बाप कामावर. बायको दुसऱ्या कारखान्यात असेल आणि तिची सुट्टी तिसऱ्याच वारी असेल, तर त्या घरातली चार माणसं एका ताटाभोवती बसायला सण उजाडावा लागतो. अशा घराला वार्षिक रजा किती मोलाची, याचा विचार गुरुवारी सकाळी स्वतःच्या घरी चहा घेताना एकदा करून बघा.

आणि वारी. दरवर्षी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते. तुमच्यापैकी कितीतरी जण रस्त्यावर उभं राहून केळी, राजगिऱ्याचे लाडू, रेनकोट वाटता. मी पाहिलं आहे, मनापासून वाटता. फर्स्ट शिफ्ट सुटलेली माणसं तिथेच उभी राहून हात जोडतात आणि पालखी पुढे गेली की खोलीवर परततात. देहू ते पंढरपूर पायी अठरा-एकोणीस दिवस लागतात. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी आहे तो माणूस तुमच्याकडे लागला की त्याची वारी आकुर्डीच्या चौकापर्यंतच. वर्षाची सगळी रजा एकत्र केली तरी पंढरपूर येत नाही. महिन्याला दोन दिल्यात तर येईल, आणि पेरणीलाही चार-पाच दिवस उरतील.

हा रविवार, ही साप्ताहिक सुट्टीसुद्धा आपोआप आलेली नाही, हे आपल्याच मातीत घडलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली. त्यांच्या मागण्या किती साध्या होत्या बघा. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. जोतीराव फुल्यांचा हा सहकारी, 'दीनबंधु'चा संपादक, सहा वर्षं त्या मागण्या घेऊन फिरला. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सभा झाली, दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, त्यात दोन स्त्रिया उभ्या राहून बोलल्या. आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. कायद्यात ती आली त्यानंतर, १८९१ मध्ये.

हा क्रम मी मुद्दाम सांगते. आधी मालकांनी दिलं, मग कायद्याने लिहिलं. आजही कायद्यात रजेचा जो आकडा आहे तो किमान आहे. त्याहून जास्त द्यायला कुणीही तुम्हाला अडवलेलं नाही, फॅक्टरी ॲक्टच्या कलम ७८ मध्ये तर ते गृहीतच धरलं होतं. सरकारच्या परिपत्रकाची वाट बघण्याचं कारण नाही.

आकडा मी हवेतून काढलेला नाही. चाकणला जर्मन मोटारींचे कारखाने आहेत आणि त्यांच्यासाठी लागणारे भाग तुमच्यापैकी कितीतरी जण बनवतात. त्यांच्या मायदेशी रजेचा कायदा सहा दिवसांच्या आठवड्यासाठी वर्षाला किमान २४ दिवस सांगतो. महिन्याला दोन. नोकरी सहा महिन्यांच्या आत सुटली तरी भरलेल्या प्रत्येक महिन्यामागे बारावा हिस्सा त्या माणसाचा. आणि त्यातली सलग बारा दिवसांची एक रजा वर्षातून एकदा मिळावी, असंही त्यात आहे, कारण तुकड्यातुकड्याने थकवा जात नाही हे त्यांनी ओळखलं. मोटारीच्या दाराची बिजागरी चाकणहून जाते तेव्हा तिचं माप मायक्रॉनमध्ये तपासलं जातं. रजेच्या बाबतीत मात्र आपण निम्म्याच्या थोडं वर आहोत.

एवढ्या लांब कशाला, आपलं राज्य सरकार बघा. सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, आठ नैमित्तिक, आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा. त्यांच्याशी माझं मुळीच भांडण नाही, त्यांना मिळतं ते योग्यच. पण माणसाच्या शरीराला किती विसावा लागतो याचं उत्तर राज्याने आपल्या माणसांसाठी काढून ठेवलं आहे. प्रेसवर दिवसाला हजारो स्ट्रोक मारणाऱ्या खांद्याला टेबलावरच्या खांद्यापेक्षा कमी विसावा पुरतो, असं कुणी डॉक्टर म्हणेल का?

खर्चाचं बोलू. पंधराच्या चोवीस केल्या तर नऊ दिवस वाढले. ३०५ मध्ये नऊ म्हणजे तीन टक्के, आणि तेही फक्त मजुरीवर. ज्याच्या शंभर रुपयांच्या मालात मजुरी दहा रुपये आहे, त्याला शंभरामागे तीस पैसे पडतील. तुमची मजुरी जास्त असेल तर आकडा थोडा वर जाईल, गणित तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं करता. एका दिवसाच्या रिजेक्शनमध्ये याहून जास्त भंगारात जातं. नाइटला सलग सातव्या दिवशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातून ते जातं, हेही तुम्ही शॉप फ्लोअरवर पाहिलेलं आहे.

दुसरी शंका मला जास्त खरी वाटते. भोसरीच्या गाळ्यात आठ माणसं, चार मशिनं. एक सेटर रजेवर गेला की शेड्यूल कोसळतं, वरच्या कंपनीची लाइन थांबली तर डेबिट नोट येते. तुमच्यातले बरेच जण स्वतः लेथवर उभे राहून मालक झालेत, आणि आजही माणूस आला नाही तर बाह्या सरसावून मशिनवर उभे राहतात. तुमची सुट्टी तर कुठल्याच कायद्यात नाही. हे सगळं मला ठाऊक आहे. पण सव्वीस वर्षांच्या हजेरीपटावरून एक गोष्ट खात्रीने सांगते: लाइन रजेने थांबत नाही, खाड्याने थांबते. ज्याच्या कार्डावर रजा शिल्लक असते तो पंधरा दिवस आधी अर्ज देतो आणि अमुक तारखेला येतो म्हणून सांगून जातो. ज्याच्या कार्डावर शून्य असतं तो मोबाइल बंद करून जातो. सोमवारी सकाळी सुपरवायझर फोन लावत बसतो तो याच माणसाला. जायचं तर दोघांनाही असतं. आई दोघांचीही आजारी पडते.

तेव्हा जानेवारीत रजेचा तक्ता भिंतीवर लावा. कोण पेरणीला जाणार, कोण गणपतीला, कोण छटला, हे वर्षाच्या सुरुवातीला माहीत असतं. प्रत्येक मशिनवर दुसरा एक माणूस शिकवून ठेवा. शिकायला माणसं तयार असतात, त्यांना कुणी विचारत नाही. आणि तुमच्यातल्या मोठ्या कंपन्यांना एक वेगळी विनंती. तुमचं वर्षाचं शटडाउन कधी आहे हे खालच्या सप्लायरना जानेवारीतच कळवा, म्हणजे त्यांची माणसंही त्याच आठवड्यात सुटू शकतील. फक्त ते शटडाउनचे दिवस कामगाराच्या पीएलमधून कापू नका. मशिनच्या दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवला ती मशिनची सुट्टी, माणसाची नव्हे.

तसंच ते सँडविच. बुधवारी रजा, गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, शुक्रवारी रजा, आणि कार्डावर तीन दिवस कापायचे. हे आमच्याकडेही चालायचं. फॅक्टरी ॲक्टमध्ये साफ लिहिलं होतं की रजेच्या मध्ये किंवा दोन्ही टोकांना आलेली सुट्टी रजेत धरायची नाही. आणखी एक कलम ८१ होतं, ते तर मी कुठेही पाळलेलं पाहिलं नाही. चार किंवा जास्त दिवसांची रजा मंजूर झाली तर रजेचा पगार माणूस जाण्याआधी त्याच्या हातात द्यायचा. ज्याने हे लिहिलं त्याला गावी जाणाऱ्या माणसाचा खिसा माहीत होता. चार दिवसांसाठी घरी जाताना मुकादमाकडून उचल घ्यावी लागू नये, एवढा विचार १९४८ साली झाला होता.

नव्या कायद्याबद्दल मला एक भीती आहे, ती बोलून दाखवते. अट १८० वर आली आणि सात महिन्यांत कामाचे १८२ दिवस होतात. म्हणजे सात महिन्यांवाला आता नेमका पात्र ठरतो. ब्रेक सातचा सहावर आणला की पुन्हा १५६. कुणाच्या तरी एक्सेल शीटमध्ये हा हिशेब आत्तापर्यंत मांडून झाला असेल. कृपा करून तो करू नका. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली, तिचाही रजेशी संबंध आहे, जो फारसा कुणी बोलत नाही. बारा-बारा तासांचे चार दिवस लावले तर आठवड्याचे तास तेच अठ्ठेचाळीस राहतात, पण वर्षाचे कामाचे दिवस २०८ होतात. भागिले वीस, दहा. तास तेवढेच, घाम तेवढाच, आणि रजा पंधराची दहावर. दिवस मोजून रजा देण्याची पद्धतच त्यामुळे मोडीत निघाली आहे. महिन्याला दोन म्हटलं की हा घोळ राहत नाही; पाळी आठ तासांची असो की बारा, महिना सगळ्यांचा एकच.

ठेकेदारांनाही एक सांगायचं आहे. ठेका बदलतो, फर्मचं नाव बदलतं, माणूस तोच राहतो. त्याची साठलेली रजा त्याच्याबरोबर पुढच्या ठेक्यात जाऊ द्या, नाहीतर त्याच दिवशी तिचा पगार करा. आणि मूळ मालकांनो, ठेकेदाराचं बिल पास करताना पीएफच्या चलनाबरोबर रजेचा तक्ताही मागा. पीएफचं चलन तुम्ही मागायला लागलात तेव्हापासून पीएफ भरला जायला लागला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या बिल्डिंगमधल्या त्या मुलाचा तिसरा ब्रेक पाच महिन्यांनी आहे. त्या दिवशी त्याच्यापुढे एक व्हाउचर येईल आणि कुणीतरी बोट दाखवून म्हणेल, इथे सही कर. त्या व्हाउचरवर रजेच्या पगाराचा रकाना असेल. तो भरण्याचा निर्णय खिडकीतल्या क्लार्कच्या हातात नसतो, हे मला पंधरा वर्षं कळत होतं. तो तुमच्या हातात आहे. त्या आधी, येत्या पगाराच्या स्लिपवर त्याच्या शिल्लक पीएलच्या पुढे २ हा आकडा दिसला, तर तो ती स्लिप घेऊन पुन्हा माझ्याकडे येईल, याची मला खात्री आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
टाइम ऑफिसातली एक निवृत्त क्लार्क
निगडी, पुणे